चालू मैफलीत पेन्सिलने झटपट रेखाटन कसं करावं

मैफलीत वही उघडून बसलेल्या नवख्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: वाजवणारा एका जागी थांबतच नाही. खरं तर चित्रकाराला याहून सोयीचं मॉडेल मिळणं कठीण. रस्त्यावरून चालत गेलेला माणूस गेला तो गेला. वादक मात्र तीच हालचाल तासभर पुन्हा पुन्हा करत असतो. तोच हात त्याच जागी परत येतो, आणि साधारण कधी येणार हे ऐकूनच कळतं. म्हणून हालचालीमागे धावायचं नाही. एक क्षण निवडायचा, त्याची वाट बघायची आणि तो आला की त्यातलं थोडंसं टिपायचं. पुढे जे काही सांगितलं आहे, ते सगळं याच्याच सोयीसाठी आहे.

साहित्य

दोन पेन्सिली पुरतात: मुख्य कामाला २बी आणि गडद भागांना ६बी. एचबी घरी ठेवावी. अंधुक उजेडात तिची फिकट रेषा आपली आपल्यालाच दिसत नाही, मग माणूस दाबून काढतो आणि कागदावर चरा पडतो. वरचं शिसं खोडलं तरी तो चरा राहतोच. उलट ८बी-९बीने काढलेलं तळहाताखाली फरफटून पान राखाडी होतं. पेन्सिलीत माती जास्त असली की ती कडक आणि फिकट, ग्राफाइट जास्त असलं की मऊ आणि काळी. २बी ते ४बी हा त्यातला मधला, हातात राहणारा पट्टा.

टोक ब्लेडने काढावं. लाकूड दीड-दोन सेंटिमीटर तासून सात-आठ मिलिमीटर शिसं उघडं ठेवलं, की एकाच पेन्सिलीतून टोकाने बारीक रेषा आणि आडवी धरून रुंद छटा अशी दोन्ही कामं होतात. शार्पनरचं आखूड टोक आडवं धरलं तर लाकूडच कागदाला लागतं. अशा तीन-चार पेन्सिली आधीच तयार करून न्याव्यात, कारण हॉलमध्ये टोक करणं म्हणजे आवाज आणि मांडीवर कचरा. ०.५ मिलिमीटरची यांत्रिक पेन्सिल या कामाला नको: घाईत टोक मोडतं आणि रेषेची जाडी बदलत नाही. २ मिलिमीटरची क्लच पेन्सिल चालते.

कागद ए५ आकाराचा, १०० ते १३० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), किंचित खरखरीत. गुळगुळीत कागदावर ग्राफाइट धरत नाही, फार पातळ कागद पान उलटताना वाजतो. ए४ शेजारच्याच्या कोपराला लागतो. वहीच्या उघड्या बाजूला क्लिप लावावी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने पान नेमकं हव्या त्या क्षणी उडतं. मळता येणारा खोडरबर वाटाण्याएवढा पुरे. तो चुका पुसायला नाही, गडद भागातून उजेड उचलायला लागतो. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी बरोबर रेषा काढणं जलद, आणि पाहायलाही बरं.

मोबाइलचा टॉर्च लावू नये. कलाकाराचं आणि आजूबाजूच्यांचं लक्ष जातंच, शिवाय उजळलेल्या पानावरून नजर उचलली की रंगमंच काही सेकंद काळा दिसतो. रंगमंचाचा उजेड जिथवर सांडतो त्या रांगांत बसलं की पान पुरेसं दिसतं. करंगळी पानाच्या कडेला टेकवून ठेवली तर न बघताही हात कुठे आहे ते समजतं.

कुठे बसायचं

पहिल्या रांगेत बसू नये. रंगमंच उंच असला तर वादक खालून दिसतो. गुडघे मोठे, डोकं लहान, आणि मधे मॉनिटर स्पीकर. साधारण चौथ्या ते आठव्या रांगेतून प्रमाणं सरळ दिसतात. अगदी मध्यभागीही नको. समोरून पाहिलं की पुढे आलेले हात आणि वाद्य आखूड होऊन एकमेकांवर चढतात. तीसेक अंश बाजूने पाहिल्यावर धड, हात आणि वाद्य सुटे दिसतात.

कुठली बाजू घ्यायची हे वाद्यावर ठरतं. उभ्याने वाजवणारा व्हायोलिनवादक वाद्य डाव्या खांद्यावर धरतो, म्हणजे वाद्याचं टोक प्रेक्षकांच्या उजवीकडे येतं. तुम्ही उजवीकडे बसलात तर ते टोक थेट तुमच्यावर रोखलेलं दिसेल. डावीकडून मात्र वाद्याची लांबी आणि गज धरलेला हात दोन्ही मोकळे मिळतात. ग्रँड पियानो असेल तर वादकाची उजवी बाजू प्रेक्षकांकडे असते: हात हवे असतील तर डावीकडे बसा, चेहरा हवा असेल तर उजवीकडे. सतारीची आणि गिटारची दांडी प्रेक्षकांच्या उजवीकडे वर जाते. पेटी समोरून पाहिली तर भाताच दिसतो, पट्ट्या आणि बोटं जवळजवळ नाहीतच. म्हणून पेटीवादक बाजूनेच काढावा. तबल्यात उजव्या हाताचा तबला प्रेक्षकांना डावीकडे दिसतो आणि डग्गा उजवीकडे. पाहताना हे उघड असतं, पण घरी जाऊन आठवणीने 'दुरुस्ती' करणारे हमखास उलटं करतात.

पहिली दहा मिनिटं पेन्सिल खाली

सुरुवातीला फक्त बघायचं आणि ऐकायचं. दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. या वादकाच्या नेहमीच्या ठेवणी किती? बहुतेकांच्या तीन ते पाच असतात: वाद्यावर झुकलेला, मान मागे टाकलेला, साथीदाराकडे वळलेला, डोळे मिटून स्थिर. दुसरा प्रश्न, त्या किती वेळाने परत येतात?

इथे ताल कामाला येतो. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येताना गायकाचा हात, मान आणि साथीदारांकडे जाणारी नजर यांची ठेवण पुष्कळदा तीच असते, म्हणजे तीच पोझ दर पाऊण मिनिटाने पाच-सहा सेकंद हाताशी येते. दहा आवर्तनांत जवळपास एक मिनिटभराचं थेट निरीक्षण झालं, आणि झटपट रेखाटनाला एवढं भरपूर आहे. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय असेल तर सोळा मात्रा चार सेकंदांत संपतात. तिथे समेची पोझ टिपू म्हटलं तर नजर पानावर जाण्याआधीच ती गेलेली असते. मग तिच्याऐवजी धडाची एकूण ठेवण काढायची आणि हात सैल रेषांवर सोडायचे. पाश्चात्त्य संगीतात चार ठोक्यांचा बार आणि मिनिटाला १२० ठोके असतील तर आठ बारांचा तुकडा १६ सेकंदांनी परत येतो. गाण्याचं ध्रुवपद परतलं की गायकाची ठेवणही पुष्कळदा परतते.

आलाप चालू असताना ताल नसतो, पण हालचाल इतकी संथ असते की मोजायची गरजही पडत नाही. संपूर्ण आकृती काढायची असेल तर मैफलीचा हाच भाग सोन्यासारखा. 'झाला' या शेवटच्या वेगवान भागापर्यंत थांबलात तर हात धूसरच दिसणार.

आणखी एक. प्रत्येक हालचालीत वेग शून्य होणारे दोन क्षण असतात, तिची दोन टोकं. गज दिशा बदलतो तिथे, ड्रमची काठी सर्वांत वर असते तिथे, पियानोवादकाचं मनगट उचललं जातं तिथे. डोळ्यांना तेवढंच स्पष्ट दिसतं, म्हणून तेवढंच काढायचं. गज तारेवर मधोमध असताना काढलेलं चित्र थिजलेलं वाटतं. टोकाशी पोहोचलेला गज काढला तर पुढचा झोका बघणाऱ्याला आपोआप जाणवतो.

रेखाटनाचा क्रम

पहिल्या वीस-तीस सेकंदांत फक्त दोन रेषा. एक डोक्यापासून बैठकीपर्यंत जाणारी, पाठीच्या कण्याची. दुसरी वाद्याच्या अक्षाची: सतारीची दांडी, गज, बासरी, किंवा तबल्याच्या दोन्ही तोंडांमधून जाणारी. या दोन रेषांमधला कोन बरोबर आला की पुढचं बरंच काही माफ आहे. तो चुकला तर चेहरा कितीही हुबेहूब काढा, माणूस वाद्य वाजवत नसून नुसतं हातात धरून बसलेला वाटेल.

कोन तपासायला रंगमंचावर आयती ओळंब्याची रेषा उभी असते: मायक्रोफोनचा स्टँड किंवा मागच्या पडद्याची चूण. स्टँडची उभी नळी हलत नाही. तीच आधी हलक्या हाताने काढून टाकावी आणि कणा तिच्यापासून किती कलला आहे ते बघावं. स्टँडच्या तिरक्या दांड्यावर, म्हणजे बूमवर विसंबू नका, बूम मधेच कुणीतरी सरकवतं.

मग एकूण आकार. मांडी घालून ताठ बसलेल्या माणसाची उंची जमिनीपासून साधारण चार डोकी असते आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतची रुंदी साडेतीन डोक्यांच्या आसपास. म्हणजे आकृती जवळपास उंचीइतक्याच रुंद त्रिकोणात बसते. नवखे हा त्रिकोण अरुंद काढतात, मग मांडी घातलेला माणूस स्टुलावर बसल्यासारखा दिसतो. गुडघे कुठे संपतात त्याच्या दोन खुणा आधी कराव्यात आणि मगच कपड्यांकडे वळावं. उभा वादक असेल तर वजन कुठल्या पायावर आहे ते शोधायचं. गळ्याच्या खळगीपासून सोडलेली उभी रेषा एकाच पायावर भार असताना त्या पायाच्या घोट्याजवळ उतरते.

तिसऱ्या टप्प्यात वाद्य, आणि त्यानंतर हात. हा क्रम उलटा करू नये. हात आधी काढले की वाद्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागते आणि ते वाकतं.

एका पोझवर अडून बसायचं नाही. पानावर चार-पाच रेखाटनं एकदम सुरू ठेवावीत. वादक झुकला की झुकलेल्या चित्रात भर घालायची, त्याने मान वर केली की दुसऱ्यात. प्रत्येक चित्राला तीन-चार मिनिटं मिळतात, पण ती तुकड्यातुकड्यांनी मिळतात. यातली दोन अर्धवट राहतील, ती तशीच राहू द्यावीत. सुरुवातीला नजर तीन हिस्से वादकावर आणि एक हिस्सा पानावर असावी. पानाकडे जास्त बघणारा माणूस डोळ्यांसमोरचा वादक सोडून डोक्यातला काढू लागतो.

वाद्याची मापं

वाद्य चुकलं तर ते वाजवणाऱ्यांच्या नजरेला पहिल्या क्षणी खटकतं. सगळे बारकावे नकोत, पण काही प्रमाणं पाठ असावीत. पूर्ण आकाराचं व्हायोलिन साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि त्याचा गज सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे गज वाद्याहून लांब असतो. चित्रांत तो नेहमी आखूड पडतो. सतार साधारण १२० सेंटिमीटर. ४५ अंशांत धरली की तिचं खुंट्यांकडचं टोक बसलेल्या वादकाच्या डोक्याच्या आसपास येतं. ते खांद्याशी संपलं तर वाद्य खेळण्यातलं वाटतं. मांडी घालून व्हायोलिन वाजवणारा वादक वाद्याचं टोक उजव्या पावलाशी टेकवतो, तेव्हा ते पाऊल चित्रात लागतंच, नाहीतर वाद्य हवेत तरंगतं. गिटारची तपासणी सोपी आहे: घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात ती खालची पट्टी) बाराव्या पडद्यापर्यंतचं (दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंतचं) अंतर आणि तिथून वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंतचं अंतर सारखंच असतं. क्लासिकल गिटारमध्ये हा बारावा पडदा साधारण गिटारचं धड आणि दांडी जुळतात तिथेच येतो.

तबल्याच्या जोडीत दोन लंबवर्तुळं काढायची असतात आणि घाई तिथेच होते. दोन्ही सारखी काढली जातात. तबल्याचं तोंड लहान, डग्ग्याचं बरंच रुंद. तबल्याची शाई मध्यभागी असते, डग्ग्याची मध्यापासून एका बाजूला सरकलेली. एवढा एक काळा ठिपका योग्य जागी पडला की बाकी वाद्या (चामड्याच्या पट्ट्या), गठ्ठे (लाकडी ठोकळे), चाटी (तोंडाची कड) काही काढलं नाही तरी जोडी ओळखू येते.

तारा सगळ्या काढू नयेत. दोन-तीन रेषा, त्याही मधे तुटलेल्या, पुरतात. पडद्यांचंही तसंच, हाताजवळचे चार-पाच नीट, बाकीचे सूचित.

हात

झटपट रेखाटनात हात लहान काढले जातात, कारण डोक्याला महत्त्व देण्याची सवय असते. पंजाची लांबी हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत भरते. वादकाचे हात पुढे आलेले असल्यामुळे ते याहूनही मोठे दिसू शकतात, तेव्हा दिसतील तसेच काढावेत.

बोटांपासून सुरुवात केली तर केळ्यांचा घड तयार होतो. आधी मनगट आणि त्याचा कोन, मग बोटांच्या सांध्यांची एक वक्र रेषा, मग चार बोटं मिळून एकच पट्टी. तर्जनी आणि अंगठा तेवढे वेगळे करायचे. सतारीवर डावा अंगठा दांडीच्या मागे असतो आणि दिसतो तो तर्जनी-मध्यमेचा कमानदार बाक. तो बाक आला की मींड घेणारा, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारा हात आला. तबल्यात मनगट आणि वाद्याची कड ठामपणे काढावी, बोटांची टोकं दोन-तीन हलक्या, एकमेकांवर सरकलेल्या रेषांत सोडावीत. वेग दाखवण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग: स्थिर गोष्ट गडद आणि बंदिस्त, हलणारी फिकट आणि कडा सुटलेली. हाताभोवती व्यंगचित्रासारख्या वाऱ्याच्या रेषा काढायचा मोह टाळावा. आणि सगळंच धूसर केलं तर ते वेगवान दिसत नाही, फक्त पुसल्यासारखं दिसतं.

चेहरा

लांबून माणूस ओळखू येतो तो नाकडोळ्यांवरून नव्हे. डोक्याचा कल, मान खांद्यांत शिरण्याची जागा आणि केसांचा एकूण आकार, एवढ्या तीन गोष्टी आधी साधाव्यात. ए५ पानावर डोकं जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं येतं. त्यात पापण्यांचे केस काढायला जागाच नसते.

मिटलेले डोळे मैफलीत सतत भेटतात आणि जवळजवळ सगळे ते चुकीच्या उंचीवर काढतात. डोळा मिटताना वरची पापणी खाली येते, खालची जवळपास जागेवर राहते. म्हणून मिटल्या डोळ्याची रेषा उघड्या डोळ्याच्या मध्यावर नसते. ती खाली, खालच्या पापणीच्या जागी असते आणि तिचा बाक खालच्या बाजूला असतो. ती वर काढली, तर चेहरा तल्लीन दिसायचा तो झोपाळू किंवा चिडका दिसतो.

गाणाऱ्याचं उघडं तोंडही असंच फसवतं. नाकापासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर फारसं बदलत नाही. खाली जातो तो खालचा जबडा, आणि त्याचा सांधा कानाच्या पुढे असतो. म्हणून तोंड उघडलं की हनुवटी खाली आणि किंचित मागे जाते, चेहरा लांबतो. मूळ चेहऱ्यातच गोल भोक पाडलं तर गायक दचकल्यासारखा वाटतो. दात एकेक काढू नयेत. वरच्या ओठाखाली कागदाची कोरी पट्टी सोडली की काम झालं. मायक्रोफोन तोंडावर येत असेल तर जागा बदलण्यापेक्षा तो तसाच काढावा. मायक्रोफोनचा गडद गोळा आणि त्यामागचा गालाचा उजेड यांतून चेहरा उलट जास्त उठतो.

छाया

तीन छटा, चौथी नाही: कोरा कागद, आडव्या २बीची मधली छटा आणि ६बीचा काळा. डोळे अर्धवट मिटून बघितलं की बारकावे जातात आणि प्रकाश-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. रंगमंचावरचा उजेड वरून येतो, म्हणून डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग, हनुवटीखालचा गळा आणि वाद्याची खालची बाजू अंधारात असते. हे वेगवेगळे डाग समजू नयेत. जिथे एकमेकांना लागतात तिथे ते एकाच आकारात मिळू द्यावेत. गडद कपडे आणि गडद पडदा यांच्यामधली कड हरवली तर हरवू द्यावी.

रंगीत दिवे बदलत राहतात, ही खरी अडचण. निळ्या उजेडात निळे कपडे उजळतात, उजेड लाल झाल्यावर तेच काळे पडतात. उपाय एकच: सुरुवातीला एक उजेड निवडायचा, पानाच्या कोपऱ्यात त्याच्या दिशेचा बाण काढायचा आणि दिवे काहीही करोत, छाया त्या बाणाप्रमाणेच टाकायची. दोन वेगळ्या उजेडांतल्या छाया एका चित्रात आल्या की आकृती चिखल होते. ६बी शेवटी आणि कमी वापरावी, जास्तीत जास्त चार-पाच जागी. दाबून घासलेलं ग्राफाइट चमकू लागतं आणि काळं दिसायचं ते राखाडी दिसतं. फारच काळा भाग असेल तर काळी रंगीत पेन्सिल घ्यावी, ती चमकत नाही आणि सहज पसरतही नाही. मात्र ती खोडताही येत नाही.

सराव आणि रीत

घरी वाद्यवादनाचा व्हिडिओ लावून एकेका मिनिटाची रेखाटनं करावीत, एका बैठकीत पंधरा-वीस. व्हिडिओ थांबवायचा नाही; थांबवलेल्या चित्राची नक्कल हे वेगळं कौशल्य आहे आणि मैफलीत ते उपयोगी पडत नाही. आवाज चालू ठेवावा, कारण कानाने पोझचा अंदाज घेणं हाच सराव आहे. कॅमेरा सतत कोन बदलत नाही असं, एकाच जागेवरून घेतलेलं चित्रण निवडावं. प्रत्यक्षात सुरुवात करायला तंबोऱ्याच्या साथीला बसलेली व्यक्ती उत्तम: एकच संथ हालचाल, तीही शेवटपर्यंत.

छायाचित्रणाला बंदी असेल तिथे रेखाटन चालेल का, ते आयोजकांना आधी विचारून घ्यावं. पान उलटायचं ते टाळ्यांच्या वेळी. नीरव आलापात खरखरीत कागदावर छटा घासल्याचा आवाज दोन रांगा ऐकू जातो, तेव्हा रेषांचं काम करावं आणि छाया द्रुत लयीसाठी राखून ठेवावी.

घरी आल्यावर

त्याच रात्री फक्त तीन कामं: हरवलेले दोन-चार काळे भाग पक्के करणं, मागे तारीख, वाद्य, राग किंवा रचना आणि उजेडाची दिशा लिहिणं, आणि पानांमध्ये बटर पेपर घालणं. कोन, प्रमाणं आणि हात आठवणीने सुधारायला जाऊ नये. स्मृती त्या वादकाच्या जागी कुठलाही साधारण वादक बसवते आणि रेषा मेल्यासारख्या होतात. फिक्सेटिव्ह (ग्राफाइट पसरू नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर हवेशीर जागी, ३० सेंटिमीटर अंतरावरून, दोन पातळ थर आणि मधे दहा मिनिटं वाळू देऊन; एकाच जाड थराने कागद ओला होतो आणि मधली छटा डागाळते. आधी कोपऱ्यातल्या एखाद्या फालतू रेघेवर मारून बघावं. स्कॅन ३०० डीपीआयला आणि ग्रेस्केलमध्ये करावा. कृष्णधवल मजकुराच्या मोडमध्ये केलात तर फिकट रेषा गायब होतात, आणि त्यांच्यातच तर बोटं हलत असतात.